हे सगळं करतात

१२ जानेवारी

अगं,

तू नीट पोचलीस असा ताईंचा फोन आला तेव्हा मी कामावर होतो आणि तोंडात चुका होत्या, म्हणून नुसतं 'हं, हं' केलं. ताईंना वाटलं असेल, जावईबापूंना बायको गेल्याचं सुखदुःख काही नाही. ताई, पत्र तुम्हीच वाचून दाखवणार, तेव्हा हे तुम्हालाच सांगतो. खुर्चीवर कापड ठोकायचे बारीक खिळे आम्ही ओठांत धरून ठेवतो, त्यांना चुका म्हणतात. तुमची बहीण पहिल्यापासून म्हणते, ज्या माणसाच्या तोंडात दिवसभर चुका असतात त्याच्याशी भांडायचं तरी कसं.

घर ठीक आहे. मी ठीक आहे. जेवण वेळेवर होतं.

ताई निघताना गाडीच्या खिडकीतून जे बोलल्या ते सगळ्या स्टँडने ऐकलं. "दिवसभर तिला एकटीला टाकून जाता ते कुणाच्या भरवशावर? देवाच्या?" मी तुझी पिशवी खिडकीतून आत दिली. खरं उत्तर 'हो' असं होतं आणि ते त्या वेळी बरं दिसलं नसतं.

पण मला राग आला नाही. सरकारी भत्ता बंद झाला म्हणून तुझं करायला येणाऱ्या मावशींना 'उद्यापासून येऊ नका' म्हणावं लागलं. मावशी नाहीत म्हणून तू दुपारभर एकटी. एकटी म्हणून पलंग आणि भिंत यांच्या फटीत पडलीस आणि मी येईपर्यंत तशीच राहिलीस. सख्ख्या बहिणीने हे पाहून उचलून नेलं तर तिचं काय चुकलं? त्यांची अटही रास्त आहे. अपील जिंका, मावशींना परत ठेवा, मग खुशाल न्या. म्हणजे आता मला एकच काम आहे. तुला घरी आणायचं, तर तो कागद उलटवायचा.

कागद मी देवाच्या फळीवर ठेवलाय. 'अर्जदार आपली सर्व दैनंदिन कामे स्वतः करतात, सबब मदतनीस भत्ता बंद करण्यात येत आहे.' रोज वाचतो आणि रोज तेच लिहिलेलं असतं. तुझ्या बोटांना चमचा पेलत नाही, बटण लागत नाही, आणि हे म्हणतात सर्व कामे स्वतः. तपासनीस आला तेव्हा मी कामावर, मावशी गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. खोलीत तुम्ही दोघंच. तू म्हणतेस, मी त्याला खरं तेच सांगितलं. तू खोटं बोलणार नाहीस हे मला माहीत आहे. मग हे आलं कुठून?

ताई, गोळी देताना मान किंचित पुढे असू द्या, मागे नको. पाणी घोटाघोटाने. तुम्हाला माहीत असेल, तरी लिहितो.

अक्षर हलतंय, कारण उभ्याने लिहितोय. कारखान्यातलं मेज उंच आहे आणि तिथे उजेड चांगला असतो. दुसरं काही नाही.

सकाळी डोळे मिटून बसतो तेव्हा तुझं नाव घेतो. तुझ्यासारखं नाही माझं, मला नाव घेता येतं.


३ फेब्रुवारी

अगं,

ताईंनी तुझं म्हणणं लिहून पाठवलं, पोचलं. मध्ये मध्ये कंसात त्यांनी स्वतःचंही घातलंय. '(ती म्हणते आनंदात आहे. मला तशी दिसत नाही.)' ताई, कंसातलं आधी वाचतो मी.

अपिलासाठी कोर्टाच्या खालच्या मजल्यावर फुकट सल्ला देणारी खिडकी आहे. तिथे एक बाई बसतात. तिशीच्या असतील, चष्मा डोक्यावर आणि शोधतात टेबलावर. मी मनात त्यांना सल्लाबाई म्हणतो. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "कशा आहेत तुमच्या मिसेस?"

"देवाच्या दयेने बऱ्या आहेत."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "काका, देवाची दया अपिलात लिहायची नाही."

"मग काय लिहायचं?"

"वाईटातला वाईट दिवस. सगळ्यात वाईट. तो घेऊन या, मग बोलू."

मी बाहेर बाकावर जाऊन बसलो. तुला माझा स्वभाव माहीत आहे. गावच्या शाळेत गुरुजी हजेरीला 'कसा आहेस?' विचारायचे आणि आम्ही अंगात ताप असला तरी 'बरा' म्हणायचो. तसं म्हटलं की त्यांना बरं वाटायचं, आणि मग आम्हालाही थोडं वाटायचं. पुढे देवाशीही तेच झालं. त्याने विचारलं नाही तरी मी आपला सांगतो, बरं आहे. तक्रार केली की दिलेलं हिशेबात धरलं नाही असं होतं. आणि आता ही बाई म्हणते, वाईट दिवस निवडून आण. बाजारातून किडकी भाजी मुद्दाम निवडून आणल्यासारखं.

परत आत गेलो आणि म्हणालो, "त्या पडल्या तो दिवस."

"तो मोठा झाला. मला रोजचा हवाय."

रोजचा. रोजच्यात वाईट काय होतं गं? सकाळी तुझे केस विंचरायचे, त्यात तू म्हणणार, 'गादीचा काथ्या पिंजताय का?' मग हसणं. हे मी त्यांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "हे तर सांगूच नका. तपासनिसाने अहवालात लिहिलंय, 'केस व्यवस्थित, कपडे नीटनेटके.' ते तुमच्या विरोधात गेलंय."

म्हणजे बघ. मी विंचरलेले केस तुझ्या खात्यावर जमा झाले.


२१ फेब्रुवारी

अगं,

आधी हस, मग पुढचं ऐक. ताई, तुम्ही नका हसू, नाहीतर वाचायचं राहील.

सल्लाबाईंनी भत्ता देणाऱ्या खात्याकडून सगळे कागद मागवले. त्यात तपासनिसाने आपल्या घरी बसून हाताने घेतलेली टिपणं आहेत. त्या म्हणाल्या, वाचा, काही खटकतं का बघा. मी वाचत गेलो. अंघोळ, कपडे, जेवण, जिना, असं एकाखाली एक लिहिलंय आणि पुढे एकच कंस करून लिहिलंय: 'विचारले असता – हे सगळं करतात.'

मी ते वाचलं आणि मला तुझा आवाज ऐकू आला.

सल्लाबाईंना कळेना काका हसतात का. मी म्हणालो, "अहो, हे म्हणजे मी."

"कोण?"

"हे. ती मला 'हे' म्हणते. नाव घेत नाही. तिच्या आईनेही कधी वडिलांचं घेतलं नाही. त्याने विचारलं असणार, अंघोळ, कपडे, स्वयंपाक? आणि ती म्हणाली असणार, 'हे सगळं करतात.' म्हणजे तिचा नवरा करतो. आणि त्या भल्या माणसाने घरी जाऊन वाचलं, 'अर्जदारबाई हे सगळं करतात.' मान देऊन लिहिलंय बघा. करतात!"

सल्लाबाईंनी टिपण घेतलं, दोनदा वाचलं, चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आणला आणि तिसऱ्यांदा वाचलं. मग म्हणाल्या, "अरे देवा." मी म्हटलं, आता तुम्ही आणलंत देवाला.

गुरुजी शिकवायचे, नामाच्या जागी येऊन बसतं ते सर्वनाम. पण त्या जागी भलताच माणूस बसला तर त्याला उठवायचं कसं, हे त्यांनी शिकवलं नाही. तू खरंच बोलली होतीस. किती खरं बोललीस, त्यात मला किती मोठं करून ठेवलंस, सगळं हेच करतात म्हणून. आणि त्याच वाक्याने घर मोडलं.

पण आता बरं होईल. चूक सापडली की ती चिमट्याने उपटता येते. सुनावणीची तारीख मार्चच्या शेवटी आहे. मावशींना विचारून ठेवलं. त्या म्हणाल्या, "वहिनी येणार असतील तर दुसरं काम सोडते. पण तुम्ही तोवर काही खात जा हो, शर्टात तुम्हाला शोधावं लागतं." त्यांचं बोलणं अतिशयोक्तीचं असतं हे तुला माहीत आहे.


१५ मार्च

अगं,

ताईंच्या पत्रात या वेळी तुझं सांगणं फार थोडं होतं आणि कंस फार मोठा. तुझी जीभ जड होत चाललीय, शब्द एक एक करून येतात, दुपारनंतर येतच नाहीत, असं त्या लिहितात. तू फोनवर नुसतं ऐकतेस ते का, हे आता कळलं. मला वाटत होतं ताई शेजारी असतात म्हणून लाजतेस.

तेव्हा सुनावणीला तू नसावंस असं माझं मत आहे. सल्लाबाई म्हणतात, यायची गरज नाही, ताईंच्या फोनवरून तुला पडद्यावर दाखवता येईल, अपील ऐकणाऱ्या मंडळाला अर्जदार समोर दिसला तर बरं. मी म्हणालो, मी आहे, टिपण आहे, डॉक्टरांचे कागद आहेत, तिला कशाला त्रास. त्यावर त्या म्हणाल्या, "काका, त्रास त्यांना होईल म्हणून, की तुम्ही त्यांच्यासमोर बोलणार नाही म्हणून?"

वकिलांना असले प्रश्न विचारायची सवय असते.

ताईंनी कंसात विचारलंय, अक्षर अजून हलतंय, दर पत्र उभ्यानेच का लिहिता, घरात खुर्च्या संपल्या का? ताई, खुर्च्या करणाऱ्याच्या घरी बसायला खुर्ची नसते, एवढं समजून घ्या. मजेत आहे मी.

तू नाही म्हण. म्हण की मला जमणार नाही. मंडळ समजून घेईल.


२९ मार्च

अगं,

तू नाही म्हणाली नाहीस.

सुनावणी झाली. खोली लहान होती. एक लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, पलीकडे तिघं: मधे अध्यक्षबाई, एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला एक गृहस्थ, जे फक्त लिहीत होते. अलीकडे मी, सल्लाबाई आणि खात्याकडून आलेले साहेब. भिंतीवरच्या पडद्यावर तू. ताईंच्या खिडकीपाशी बसलेली, उजेड एका गालावर. भांग वाकडा होता. ताई, राग मानू नका, तुम्ही मनापासून विंचरता. पण तो वाकडा होता.

खात्याच्या साहेबांनी टिपण वाचून दाखवलं, 'हे सगळं करतात.' म्हणाले, अर्जदारांचे स्वतःचे शब्द आहेत. अध्यक्षबाई पडद्याकडे वळल्या. "तुम्ही असं म्हणालात का?"

तू मान हलवलीस. म्हणालीस, "हो."

साहेब म्हणाले, "बघा."

"थांबा हो," अध्यक्षबाई म्हणाल्या. "सकाळी तुमचे कपडे कोण घालतं?"

"हे."

"हे म्हणजे? कोण हे?"

तुझी हनुवटी वर आली. तुला वेळ लागला. सगळे थांबले. मग एक एक शब्द आला. "तुमच्या… समोर… बसलेत… ना. तेच… हे."

लिहिणारे गृहस्थ पहिल्यांदा वर बघून हसले. अध्यक्षबाई म्हणाल्या, "माझ्या आईचं जन्मभर असंच होतं. पोस्टमन विचारायचा कुणाची सही घेऊ, आणि ही म्हणायची, ह्यांची." खात्याचे साहेबही हसले, आणि म्हणाले, त्या वाक्यावर खात्याचा आता आग्रह नाही. मी मनात म्हटलं, झालं. निघाली चूक. उठून घरी जायचं आणि पलंगावर नवी चादर घालायची.

पण डॉक्टर म्हणाले, "त्या स्वतः करत नाहीत, हे कळलं. नवरा करतो. मग पगारी मदतनीस कशाला हवा? तुम्ही करताच आहात, तर जमतंय ना?"

"जमतं," मी म्हणालो. तोंडातून गेलंच.

सल्लाबाईंनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला.

डॉक्टर म्हणाले, "जमतं म्हणजे कसं जमतं, ते सांगा. उचलण्यापासून सांगा."

मी विचारलं, पडदा थोडा वेळ बंद करता येईल का. अध्यक्षबाई मऊ आवाजात म्हणाल्या, "अपील त्यांचं आहे. त्यांना वगळून काही ऐकता येत नाही. त्या स्वतः म्हणाल्या तर बंद करू." तुला विचारलं. तू म्हणालीस, "नको."

मग मी सांगितलं. तू ऐकलंसच. पण तिथे मी टेबलाच्या कडेकडे बघून बोललो, म्हणून इथे तुझ्याकडे बघून पुन्हा सांगतो.

माझ्या पाठीचा मणका सरकलाय. तुला उचलताना सरकला, गेल्या पावसाळ्याच्या आधी. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते, यापुढे वजन उचलायचं नाही. मी त्यांना बरं म्हणालो आणि घरी येऊन तुला उचललं. बसलं की पायात कळ जाते, म्हणून उभ्याने लिहितो. उजेडाचं खोटं होतं.

तुला कूस बदलून द्यायला उठायचो तेव्हा तू विचारायचीस, झोपमोड होते ना? मी म्हणायचो, मला तसंही पाणी प्यायचं होतं. झोप कामावर लागायची. एकदा उभ्या उभ्या डुलकी लागली आणि ओठांतली एक चूक गिळली. दवाखान्यात दोन दिवस होतो; तुला सांगितलं की मालकाने बाहेरगावी सोफे बसवायच्या कामाला धाडलंय. मावशींना माहीत होतं. तेव्हापासून मला खिळ्यांच्या कामावर ठेवत नाहीत, फोम कापायला ठेवलंय. तू पोचलीस तेव्हा फोनवर तोंडात चुका होत्या म्हणून बोललो नाही असं लिहिलं होतं ना, तेही खरं नव्हतं. तोंड रिकामं होतं, तरी मला बोलता येत नव्हतं.

आणि न्हाणीघरातला तो दिवस. तुला धरून उठत होतो आणि आपण दोघंही खाली बसलो, ओल्या फरशीवर. मी म्हणालो, "चल, आज इथेच बैठक. हवा चांगली आहे." तू हसलीस, मीही हसलो, आणि तुझ्या माहेरच्या विहिरीपासून बोलत बसलो. मी गमतीने बसलो नव्हतो. माझे पाय गेले होते. मी बोलत होतो आणि मनात देवाला म्हणत होतो, हिला कळायच्या आत मला उठव. त्याने उठवलं. हे पण सांगितलं मी मंडळाला, पण देवाचं सोडून. सल्लाबाईंनी बजावलं होतं.

खात्याचे साहेब कागद चाळायचे थांबले होते. अध्यक्षबाईंनी पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली. मी वर पाहिलं तेव्हा ताई तुझी खुर्ची वळवत होत्या. तू सांगितलं असणार. तू खिडकीकडे तोंड केलंस आणि पडद्यावर मला फक्त तुझे केस दिसले.

उन्हाकडे बघायचं होतं ना तुला? तसंच असेल.


१८ एप्रिल

अगं,

आपण जिंकलो.

काल पाकीट आलं. भत्ता पुन्हा सुरू, बंद केल्या दिवसापासून. खाली मंडळाने लिहिलंय की टिपणातील 'हे' हा शब्द अर्जदाराच्या पतीस उद्देशून होता. कागदावर छापलेलं वाचलं आणि वाटलं, आता सरकारदरबारी नोंद झाली. सल्लाबाईंना दाखवायला गेलो तर त्या खिडकीतून अर्ध्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "काका, आता म्हणा देवाची दया." मी म्हणालो, "तुमचीही."

मावशी पहिल्या तारखेपासून येतायत, दिवसभर. पलंग भिंतीला पक्का चिकटवलाय, फट ठेवली नाही. न्हाणीघरात धरायला दांडी बसवली. तुझ्या बाजूची गादी उसवून नव्याने भरली, तिरक्या टाक्यांनी. मालकांनी गाडी देऊ केलीय, मागची सीट पूर्ण आडवी होते. तारीख तेवढी कळव.

सुनावणी झाल्यापासून तुझ्याकडून काही नाही. ताईंचा कंससुद्धा नाही. ताई, तब्येत बरी आहे ना तिची?


२ मे

अगं,

ताईंचं पत्र आलं. सगळं त्यांच्याच अक्षरात आणि एकही कंस नाही. त्यावरूनच कळलं की चेष्टा नाही.

त्या लिहितात: 'जावईबापू, तुम्ही म्हणाल हे मीच हिच्या डोक्यात भरवलं. तुमच्या देवाची शपथ, मी उलट बोलले. म्हटलं, माणूस एवढा भांडला, जिंकला, आता जा आपल्या घरी. ती नको म्हणते. एक वाक्य धरून बसलीय, ते बोलायला तिला अर्धी सकाळ लागते. ह्यांचे पाय गेले होते आणि मी हसले. ह्यांचे पाय गेले होते आणि मी हसले. ते तिच्या डोक्यातून जात नाही. मी म्हटलं, अगं, त्यांनी हसवलं म्हणून हसलीस. तर रडते. म्हणते, इथे पैसे येऊ देत, इथेच बाई ठेवू. ह्यांना झोपू दे.'

मी जे बोललो ते बोलल्याशिवाय भत्ता मिळत नव्हता. आणि भत्ता तुला आणण्यासाठी हवा होता. आता सांग, मी काय करायला हवं होतं? 'जमतं' म्हणून उठलो असतो तर तू आज घरी यायला तयार असतीस आणि आणता आलं नसतं. आता आणता येतं आणि तू येत नाहीस. सकाळी डोळे मिटून बसतो आणि हेच विचारतो. तो ऐकतो. ऐकणारा तो पहिल्यापासून चांगला आहे.

हे बघ. तू जड आहेस, असं मी मंडळापुढे बोललो. ओझं आहेस, असं कुठे बोललो? गुरुजी फळ्यावर समानार्थी शब्द लिहायचे, पण हे दोन त्यांनी कधी शेजारी लिहिले नसते. भरलेली गादी जड असते. झोपलेलं माणूस जड असतं. जड नसतं ते रिकामं असतं. घर सध्या फार हलकं आहे.

आणि पाठ माझी आहे. ती कशासाठी झिजवायची ते मला ठरवू दे ना. खुर्च्यांसाठी झिजली तर चालते तुला? मावशी उचलतील आता, मी नाही. मी फक्त केस विंचरीन, त्याला पाठ लागत नाही.

मी तिकडे राहायला यावं म्हटलं, तर ताईंच्या दोन खोल्यांत तुम्ही दोघीच कशाबशा मावता, आणि त्या गावात माझ्या कामाचा कारखाना नाही, चौकशी केली.

ये गं.


३० मे

अगं,

ताईंनी पाठवलेला कागद सही करून सोबत पाठवतोय. आता भत्ता त्यांच्या पत्त्यावर येईल. 'अर्जदाराची देखभाल करणारी व्यक्ती' या रकान्यात माझं नाव होतं ते एका रेघेने खोडून वर त्यांचं लिहायचं होतं. खोडलेल्यावर सही लागते, तीही केली. ताई, तुमचं नाव पूर्ण आणि स्वच्छ अक्षरात लिहिलंय, तपासनिसाला वाचता येईल असं.

तू आजवर माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितलं नाहीस. हेही स्वतःसाठी मागितलेलं नाही, ते मला कळतं. म्हणूनच नाही म्हणता येईना. भांडायला गेलो तर तुला उत्तर द्यावं लागणार, आणि तुझ्याजवळ शब्द थोडे उरलेत. ते माझ्याशी वाद घालण्यात कशाला घालवायचे?

तू विचारलंस म्हणून खरं सांगतो. झोप लागते. सकाळपर्यंत सलग लागते. डॉक्टर म्हणाले, पाठीला आराम पडलाय, असंच ठेवा. हे पत्र बसून लिहितोय. मालक म्हणतात, पुन्हा खिळ्यांच्या कामावर या. तुला हवं होतं ते सगळं झालंय. मावशींना मात्र पुन्हा नाही म्हणावं लागलं. त्या म्हणाल्या, "एकदा का दोनदा काढता हो मला," आणि मग पदराने डोळे पुसले.

रविवारी येऊ का, असं विचारलं होतं. त्यावर तू ताईंकरवी कळवलंस की या, पण मला उचलायचं नाही, तशी शपथ घ्या. मी कधी शपथ घेत नाही हे तुला ठाऊक आहे. 'हो'ला 'हो' आणि 'नाही'ला 'नाही' पुरे, असं मानत आलो. पण आज सकाळी घेतली. तुला उचलणार नाही.

पहिल्या गाडीने निघेन, दुपारपर्यंत पोचेन. तुझ्याशेजारी बसेन, तुला बोलायला लावणार नाही. ताई तुला खुर्चीतून उठवायला येतील, तेव्हा मी बाहेर अंगणात जाऊन उभा राहीन. शपथ मी घेतली आहे, हातांनी घेतलेली नाही.